पसरट उजेडाचं माप

१६ ऑक्टोबर २०२४. कोजागरीची संध्याकाळ. परतीच्या पावसाचे ढग पश्चिमेला अजून रेंगाळत होते आणि त्यांच्या फटीतून, शुक्राच्या उजव्या हाताला थोडा वर, त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू दिसत होता. आम्ही तिघं गच्चीवर होतो. मी नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याची प्रत, म्हणजे उजेडाचा आकडा, १.८ ठरवली. मित्राने बायनॉक्युलरमधून पाहिलं आणि २.३ सांगितली. त्याची भाची सहा इंची दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसली होती, तिचं उत्तर आलं ३.१. तिघांनीही नकाशावरून शेजारचे तारे नीट ताडून पाहिले होते, घाई कोणीच केली नव्हती. तरी पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात सव्वा प्रतीहून जास्त अंतर, म्हणजे उजेडात तिपटीहून जास्त फरक. पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, मग खरा आकडा कोणता?"

दर मोठ्या धूमकेतूच्या वेळी हा प्रश्न निघतो आणि ‘डोळ्याडोळ्याचा फरक’ म्हणून सोडून दिला जातो. मला वाटतं, तो सोडू नये. धूमकेतूच्या उजेडाचा आकडा कसा काढला हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. धूमकेतूंबद्दलचे काही फार मोठे गैरसमज याच निष्काळजीपणातून जन्मले, आणि जे खरं कळलं त्यातलं पुष्कळसं ही नोंद काटेकोर ठेवणाऱ्या माणसांमुळे कळलं. त्यांतले कितीतरी हौशी होते.

ताऱ्यांना प्रती देण्याची रीत हिपार्कसच्या काळापासूनची. तिला गणिताचा पाया दिला नॉर्मन पॉगसन यांनी, १८५६ मध्ये. पहिल्या आणि सहाव्या प्रतीतल्या उजेडात बरोबर शंभर पट फरक धरायचा, म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख होऊन आपल्याकडे आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. धूमकेतूशी जोडलेला त्यांचा एक प्रसंग विलक्षण आहे. २७ नोव्हेंबर १८७२ ला युरोपात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. फुटून गेलेल्या बीला धूमकेतूचा तो कचरा होता. जर्मनीतल्या क्लिंकरफ्यूस यांनी मद्रासला तार केली की बीला पृथ्वीला स्पर्शून गेला आहे, नरतुरंग तारकासमूहात शोधा. पॉगसन यांनी शोधलं आणि डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेला त्यांना तिथे खरोखरच एक धूमकेतू मिळाला. तो बहुधा बीला नव्हता, भलताच कोणीतरी होता. तारेने कळवलेल्या जागी शोधला एक आणि निघाला दुसरा, असं खगोलशास्त्रात क्वचितच घडलं असेल.

पॉगसन यांची पट्टी ताऱ्यांसाठी होती, आणि तारा हा ठिपका असतो. धूमकेतू पसरलेला असतो. चमचाभर तूप भाकरीच्या एका कोपऱ्यावर ठेवलं तर डोळ्यांत भरतं, तेच साऱ्या भाकरीला फासलं तर आहे की नाही असं वाटतं. तूप तेवढंच. धूमकेतूचा गाभा काही किलोमीटरचा बर्फ-धुळीचा गोळा असतो आणि त्याच्याभोवतीचा धूळ-वायूचा ढग, म्हणजे कोमा, लाखो किलोमीटर फुगलेला असतो. या ढगाला कडा नसते. तो मधे दाट असतो, बाहेर विरळ होत होत आकाशाच्या काळोखात मिसळून जातो. त्यामुळे ‘एकूण उजेड किती’ हे विचारताच ‘कुठपर्यंतचा’ हा प्रश्न आपोआप येतो.

डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला फार आवडते. धूमकेतूला ताऱ्यासारखं करता येत नाही, तर ताऱ्याला धूमकेतूसारखं करा. आयपीसजवळचं चाक हळूहळू फिरवलं की ताऱ्याचा ठिपका फुगत जातो आणि फिकट, गोल टिकलीसारखा होतो. सिजविक पद्धतीत धूमकेतू फोकसमध्ये ठेवून त्याच्या कोम्याचा सरासरी उजळपणा मनात साठवायचा. मग एखादा ज्ञात प्रतीचा तारा कोम्याएवढा होईपर्यंत फुगवायचा आणि आठवणीतल्या उजेडाशी ताडायचा. बॉब्रोव्हनिकॉफ पद्धतीत धूमकेतू आणि तारा दोघांनाही फोकसबाहेर काढून सारख्या आकाराचं करतात. मॉरिस पद्धत यांच्यामधली. धूमकेतू थोडासाच फोकसबाहेर काढायचा, त्याचा उजेड सपाट झाला की लक्षात ठेवायचा, मग तारे तेवढे फुगवायचे. बायर पद्धतीत तर चाक इतकं फिरवतात की धूमकेतू आकाशात विरून जातो, आणि त्याच क्षणी विरणारा तारा कोणता ते पाहतात. कोमा विरळ आणि सपाट असेल तर सिजविक चांगली चालते, मधे घट्ट ठिपका असेल तर बॉब्रोव्हनिकॉफ. म्हणून नोंदीत पद्धतीचं अक्षर लिहावं लागतं, कोम्याचा व्यास कोनीय मिनिटांत लिहावा लागतो आणि मधला भाग किती घट्ट आहे ते ० ते ९ च्या मोजपट्टीवर सांगावं लागतं. शून्य म्हणजे कुठेच दाटपणा नसलेलं धुकं, नऊ म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका.

ताडायला एक तारा पुरत नाही, दोन लागतात. एक धूमकेतूहून थोडा उजळ, एक थोडा मंद. मग त्यांच्यामधलं अंतर मनाने दहा भागांत वाटून धूमकेतू कितव्या भागावर बसतो ते ठरवायचं. तारे धूमकेतूच्या उंचीवरच हवेत, कारण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो आणि तो उजेड खातो. सरावलेला डोळा या रीतीने प्रतीच्या एक-दोन दशांशापर्यंत पोहोचतो. हे मी वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, पण सलग महिनाभर रोज केलं की हात बसतो, जसा पोळी लाटणाऱ्या माणसाचा बसतो.

आता दुर्बिणीच्या आकाराकडे वळू. मोठ्या दुर्बिणीत तारा जास्त तेजस्वी दिसतो, धूमकेतू मात्र ताऱ्यांच्या तुलनेत मंद वाटतो. वर्धन वाढलं की कोमा पसरतो आणि त्याची बाहेरची फिकट कड पार्श्वभूमीत हरवते. आमच्या गच्चीवर घडलं ते मुख्यतः हेच, शिवाय कोजागरीच्या चांदण्याने ती कड आणखी पुसली. अमेरिकेत ओहायोमधल्या पर्किन्स वेधशाळेत काम करणाऱ्या निकोलस बॉब्रोव्हनिकॉफ यांनी १९४० च्या सुमारास जुन्या शेकडो नोंदी एकत्र करून हा परिणाम आकड्यांत बसवला. प्रमाण म्हणून ६.७८ सेंटिमीटरचं भिंग धरायचं आणि त्याहून मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीसाठी दर सेंटिमीटरला ०.०६६ प्रत सुधारायची. चार्ल्स मॉरिस यांनी १९७३ मध्ये आरशाच्या दुर्बिणींसाठी हाच आकडा ०.०१९ काढला. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीला अर्ध्या प्रतीहून थोडी जास्त दुरुस्ती लागते, तर २० सेंटिमीटरच्या आरशाला पाव प्रत.

अर्धी प्रत म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण तिच्यामुळे काय घडलं ते पाहा. कीव्हचे सर्गेई वसेख्स्व्यात्स्की यांनी आयुष्यभर खपून धूमकेतूंच्या तेजाची सूची केली. १९५८ मध्ये ती रशियन भाषेत प्रसिद्ध झाली. दोन शतकांच्या नोंदी एका ओळीत लावल्यावर त्यांना दिसलं की एन्केसारखे अल्पावधीचे धूमकेतू झपाट्याने मंदावत आहेत. इतकं झपाट्याने विझणारं काही अब्जावधी वर्षं जुनं असूच शकत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की हे धूमकेतू तरुण आहेत, गुरूसारख्या ग्रहांच्या परिसरातून स्फोटांनी अलीकडेच बाहेर फेकले गेले आहेत. पुढे ल्युबोर क्रेसाक आणि इतरांनी त्या घसरणीची चिकित्सा केली तेव्हा तिचा मोठा भाग निरीक्षणाच्या साधनांचा निघाला. दर पिढीला दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, डोळ्याच्या अंदाजाची जागा छायाचित्रांनी घेतली, छायाचित्रात फक्त मधला भाग उमटू लागला, आणि कागदावर धूमकेतू दरवेळी थोडा मंद होत गेला. आकाशातला धूमकेतू होता तसाच होता. मोजण्याच्या रीतीतल्या अर्ध्या-एक प्रतीने सूर्यमालेच्या उत्पत्तीबद्दलची एक आख्खी कल्पना उभी राहिली होती. वसेख्स्व्यात्स्कींच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. त्यांची सूची आजही लागते, फक्त प्रत्येक आकड्याशेजारी तेव्हाची दुर्बीण कोणती होती ते शोधत बसावं लागतं.

आकडे शुद्ध केले तरी धूमकेतूचं तेज रोज बदलतं आणि त्याला दोन अंतरं कारणीभूत असतात. पृथ्वीपासूनच्या अंतराचा हिशेब सरळ आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर. सूर्यापासूनचं अंतर मात्र दुहेरी काम करतं. सूर्य जवळ आला की धूमकेतूवर ऊन जास्त पडतं, हे झालं एक. त्याच उन्हाने त्याचा बर्फ उडू लागतो, धूळ-वायू वाढतो आणि ऊन परावर्तित करायला जास्त मालही तयार होतो. पाण्याचा बर्फ सूर्यापासून साधारण तीन खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आत आल्यावर जोराने उडतो. त्याच्या पलीकडे कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं राज्य. म्हणून सूर्यापासूनच्या अंतराला नुसता वर्ग पुरत नाही, घातांक मोठा लागतो. फार काळ तो सरसकट चार धरला गेला. पृथ्वी आणि सूर्य दोघांपासून एक-एक खगोलीय एककावर असताना जी प्रत येईल तिला निरपेक्ष प्रत म्हणतात. हेल-बॉपची ती उणे एकच्या आसपास होती, म्हणून तर तो १९९६-९७ मध्ये सुमारे अठरा महिने नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला.

घातांक चार हा नियम आहे की सवय, याचा निकाल कोहौटेकने लावला. हॅम्बुर्गच्या वेधशाळेत लुबोश कोहौटेक यांना हा धूमकेतू मार्च १९७३ मध्ये सापडला, तेव्हा तो सूर्यापासून चार खगोलीय एककांच्याही पलीकडे होता. इतक्या दूर असून दिसतो म्हणजे अवाढव्य असणार, असं धरलं गेलं. डिसेंबरअखेर तो सूर्यापासून ०.१४ खगोलीय एककावर येणार होता. शतकातला धूमकेतू अशी जाहिरात झाली, स्कायलॅबमधल्या अंतराळवीरांना त्याची निरीक्षणं करायला सांगितलं गेलं. चार ते ०.१४ या प्रवासात घातांक चार असेल तर धूमकेतू साडेचौदा प्रतींनी उजळतो, अडीच असेल तर फक्त नऊने. दोघांमध्ये साडेपाच प्रतींचा, दीडशे पटींचा फरक. कोहौटेक दुसऱ्या रस्त्याने गेला आणि १९७४ च्या जानेवारीत संध्याकाळी बाहेर पडून आकाश धुंडाळणाऱ्या लाखो लोकांची निराशा झाली. खरं तर यान ओर्ट आणि मार्टेन श्मिट यांनी १९५१ मध्येच दाखवलं होतं की सूर्यमालेभोवतीच्या दूरच्या धूमकेतू-ढगातून पहिल्यांदाच आत येणारे धूमकेतू आणि जुने, फेऱ्या मारून मुरलेले धूमकेतू वेगवेगळ्या गतीने उजळतात. नव्या धूमकेतूच्या पृष्ठभागावर सहज उडणारे बर्फ असतात, ते लांबूनच उडू लागतात आणि जवळ आल्यावर शिल्लक राहत नाहीत. लांबून तेजस्वी दिसणं हे त्याच्या बाबतीत भांडवल आधीच खर्च होत असल्याचं लक्षण असतं.

या घातांकाचं वेड दुसऱ्या टोकालाही जातं. २०२५ मध्ये आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/ॲटलस ऑक्टोबरमध्ये पृथ्वीवरून सूर्याआड गेला होता. तेव्हा सूर्यावर नजर ठेवणाऱ्या स्टीरिओ, सोहो आणि गोज-१९ या यानांच्या प्रतिमांवरून त्याचं तेज मोजलं गेलं आणि घातांक साडेसातच्या आसपास आला. हॅलेचा धूमकेतू उपसूर्य बिंदू ओलांडल्यावर, परतताना जास्त तेजस्वी असतो, एन्के आत येताना. उन्हाची झळ गाभ्यात मुरायला वेळ लागतो, शिवाय गाभ्याच्या कोणत्या कुशीवर ऊन पडतं ते ऋतूंसारखं बदलतं. एका सूत्रात हे सगळं कोंबता येत नाही. म्हणून भाकितं ज्या आत्मविश्वासाने छापून येतात तो मला अजिबात पटत नाही. २०१३ च्या आयसॉनच्या वेळी तेच झालं. २८ नोव्हेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम बारा लाख किलोमीटरवरून जाताना तो विस्कटून संपला.

आता या उजेडाच्या आत काय आहे ते पाहू. धूमकेतूचा प्रकाश दोन जातींचा असतो. धूळ सूर्याचा प्रकाश परावर्तित करते, वायूचे रेणू सूर्यप्रकाश शोषून ठरावीक रंगांत परत सोडतात. विल्यम हगिन्स यांनी १८६८ मध्ये धूमकेतूच्या वर्णपटातले पट्टे कार्बनचे म्हणून ओळखले. दोन कार्बन अणूंच्या रेणूचा सर्वांत ठळक पट्टा ५१६ नॅनोमीटरजवळ, हिरव्या रंगात आहे. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो ५०७ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे आपला डोळा त्या वायूसाठी जवळजवळ घडवूनच घेतलेला फिल्टर आहे. उलट, फिल्टर न लावलेला सीसीडी कॅमेरा तांबड्या रंगाकडे जास्त झुकलेला असतो आणि त्याला मुख्यतः धूळ दिसते. वायूने भरलेला धूमकेतू डोळ्याला आठव्या प्रतीचा आणि कॅमेऱ्यातल्या छोट्या वर्तुळात दहाव्या प्रतीचा, असं सर्रास घडतं. दोघंही बरोबर असतात, दोघांनी वेगळी वस्तू मोजलेली असते. यासाठी वेधशाळांमध्ये अरुंद पट्ट्याचे फिल्टर वापरतात. एक फक्त सायनोजेनचा ३८७ नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडतो, एक कार्बनचा, एक हायड्रॉक्सिलचा आणि काही असे की ज्यांत वायूचा प्रकाश जवळपास नसतो, निव्वळ धूळ उरते. हेल-बॉप येणार म्हणून या फिल्टरांचा एक नवा संच तयार केला गेला आणि त्याच धूमकेतूच्या नावाने तो आजही ओळखला जातो.

‘कुठपर्यंतचा उजेड’ या मूळ प्रश्नावर सर्वांत देखणा तोडगा निघाला १९८४ मध्ये. मायकेल अहर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोवेल धूमकेतूवरच्या लेखात एक राशी मांडली, तिला ए-एफ-ऱ्हो म्हणतात. धूळ गाभ्यातून सगळीकडे एकसारख्या वेगाने बाहेर जात असेल तर केंद्रापासून जितकं दूर जावं तितका कोमा त्याच प्रमाणात फिका पडतो. मग दुप्पट त्रिज्येच्या वर्तुळात उजेड चौपट न येता दुप्पटच येतो. तेव्हा वर्तुळातल्या उजेडाला त्याच्या त्रिज्येने भागलं की उत्तर त्रिज्येवर अवलंबून राहत नाही. धुळीचा परावर्तन-गुण, धुळीने वर्तुळाचा किती हिस्सा भरला आहे तो अंश, आणि वर्तुळाची त्रिज्या यांचा हा गुणाकार. एकक येतं सेंटिमीटर, कारण त्रिज्या लांबी आहे आणि बाकीचे दोन नुसते अंश. छोट्या दुर्बिणीने छोटं वर्तुळ मोजा, मोठ्या दुर्बिणीने मोठं, दोन आकडे शेजारी ठेवता येतात. भाकरीवर तूप कितीही पसरलं तरी चमचा किती होता हे सांगणारं हे माप आहे. अर्थात धूळ एकसारखी बाहेर जात नसेल, एखादा झोत सुटला असेल किंवा उद्रेक झाला असेल, तर वेगवेगळ्या वर्तुळांत ए-एफ-ऱ्होचा आकडा वेगवेगळा येतो, आणि तो फरकच सांगतो की आत काहीतरी घडलं आहे.

धुळीची आणखी एक खोड आहे. कवडशातली धूळ उजेडाच्या दिशेला तोंड करून पाहिलं की चमकते, पाठ फिरवून पाहिलं की दिसतही नाही. धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या बाजूला आला की तसंच होतं, बारीक धूळ प्रकाश पुढे फेकते. २००७ च्या जानेवारीत मॅकनॉट धूमकेतू भर दिवसा सूर्याजवळ दिसला त्यात या पुढे फेकल्या जाणाऱ्या उजेडाचा मोठा वाटा होता. त्सुचिनशान-ॲटलसचंही तसंच. चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेत जानेवारी २०२३ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलस दुर्बिणीवर फेब्रुवारीत तो सापडला. जुलै २०२४ मध्ये झेडनेक सेकानिना यांनी तो उपसूर्य बिंदूपर्यंत टिकणार नाही, असं लिहिलं. तो टिकला. २७ सप्टेंबरला उपसूर्य बिंदू ओलांडला आणि ९ ऑक्टोबरच्या सुमारास सोहोच्या कॅमेऱ्यात तो उणे पाच प्रतीच्या जवळ पोहोचला. त्या तेजाचा बराच भाग निव्वळ कोनाचा होता, धूमकेतूने अचानक जास्त धूळ सोडली असं नव्हे. आठवडाभराने आम्ही गच्चीवर चढलो तोवर कोन बदलला होता. ज्यांनी बातमीत उणे पाच वाचलं होतं त्यांना हा तो धूमकेतूच वाटेना.

कोजागरीचा आणखी एक धूमकेतू मला आठवतो, आणि पसरट उजेड म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणीच शिकवलं नाही. २४ ऑक्टोबर २००७ ला होम्स धूमकेतू सतराव्या प्रतीवरून दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीच्या आत आला. पाच लाख पट. दुसऱ्याच दिवशी कोजागरी होती. चंद्र इतका लख्ख असूनही ययाती तारकासमूहात एक जादाचा पिवळसर तारा नुसत्या डोळ्यांना दिसत होता, दुर्बिणीत पाहिलं की ती कडक कडेची गोल चकती निघायची. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती चकती फुगत गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा व्यास सूर्याहून मोठा झाला. मजा अशी की या सगळ्या काळात एकूण प्रत फारशी बदललीच नाही. तूप तेवढंच, भाकरी वाढत होती. शहरातल्या लोकांनी ‘धूमकेतू विझला’ म्हणून पाहणं सोडलं, आणि गावाकडच्या काळ्या आकाशाखालचे लोक बोटभर रुंद धुकं अजून तिसऱ्या प्रतीचं आहे असं लिहीत होते. हाच धूमकेतू लंडनमध्ये एडविन होम्स यांना ६ नोव्हेंबर १८९२ ला सापडला तोही अशाच उद्रेकात, देवयानी दीर्घिका पाहता पाहता. मधल्या शंभराहून जास्त वर्षांत तो गपगार होता. उलट गुरूच्या पलीकडे जवळजवळ गोल कक्षेत फिरणारा श्वासमान-वाखमान १, १९२७ मध्ये सापडलेला, वर्षाला सरासरी सातेक वेळा भडकतो. त्याचे उद्रेक टिपायला मोठी दुर्बीण लागत नाही, रोज न चुकता पाहणारं कोणीतरी लागतं.

तेजाच्या चढउतारात गाभ्याचं फिरणंही लपलेलं असतं. १९८६ मध्ये हॅलेची एक अवघड पंचाईत झाली होती. रॉबर्ट मिलिस आणि डेव्हिड श्लायकर यांच्या प्रकाशमापनातून ७.४ दिवसांची आवर्तनं येत होती आणि झोतांच्या जुन्या चित्रांवरून २.२ दिवसांची. शेवटी असं दिसलं की गाभा साधा भोवऱ्यासारखा फिरत नाही, तो डुलत फिरतो. त्याच वर्षी १३-१४ मार्चच्या रात्री जिओत्तो यान सहाशे किलोमीटरच्या आत जाऊन आलं आणि कळलं की गाभा पंधरा किलोमीटर लांब आहे व अंगावर पडलेल्या उजेडातला चारेक टक्केच परत देतो. कोळशासारखा काळा. ज्याला आपण आकाशातला सर्वांत झळाळता पाहुणा म्हणतो तो स्वतः इतका काळा, सगळी झळाळी त्याच्या अंगाबाहेरच्या धुरळ्याची. २०१७ मध्ये टटल-जाकोबिनी-क्रेसाक या धूमकेतूचा फिरण्याचा काळ मार्चमध्ये वीस तासांचा होता, मेमध्ये तो दुपटीहून जास्त झाला. झोतांच्या धक्क्याने गाभ्याला लगाम लागला होता, आणि हे सगळं प्रकाश मोजून कळलं.

आपल्याकडे साधनं आहेत. माउंट अबूला भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण धूमकेतूंच्या अभ्यासासाठी नेमाने वापरली जाते. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे आणि तिथेच आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया. पुण्याहून जुन्नरकडे गिरवलीला आयुकाची दोन मीटरची. वेणू बाप्पू यांच्या नावावर तर धूमकेतूच आहे, १९४९ चा बाप्पू-बोक-न्यूकर्क, हार्वर्डमध्ये शिकत असताना सापडलेला. आणि पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांच्या हाती दुर्बीण देते आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ८.४ मीटरचा आरसा आता दक्षिणेचं आकाश पुन्हापुन्हा टिपणार असल्याने उद्रेक आणि दूरचे धूमकेतू आपोआप सापडत राहतील. पण इतक्या मोठ्या आरशाला तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा धूमकेतू झेपत नाही, तो त्याच्यासाठी फार उजळ असतो. तिथे बायनॉक्युलर आणि डोळा यांचंच काम आहे. डोळ्याने घेतलेल्या प्रती आणि फ्रान्समधल्या नान्से रेडिओ दुर्बिणीने मोजलेला हायड्रॉक्सिल यांची सांगड घालून जोर्दा, क्रोविझिए आणि ग्रीन यांनी धूमकेतू दर सेकंदाला किती पाणी सोडतो याचं सूत्र बांधलं आहे. प्रत एकने उजळली की पाणी पावणेदोन पट. गच्चीवरच्या अंदाजातून पाण्याचा हिशेब निघतो, पण तो अंदाज कसा घेतला हे लिहिलेलं असेल तरच.

कोजागरीनंतर चंद्र उशिरा उगवू लागला तेव्हा आम्ही तिघं पुन्हा बसलो, या वेळी शहराबाहेर एका शेताच्या बांधावर. धूमकेतू भुजंगधारीत सरकला होता आणि बराच उतरला होता. पोरीने सहा इंची दुर्बीण गाडीतच ठेवली आणि मामाचं बायनॉक्युलर तिकाटण्यावर बसवलं. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं दिली. मग दोन तारे निवडले, चाक फिरवून फुगवले, परत धूमकेतूकडे आली, परत ताऱ्यांकडे गेली, असं पाच-सहा वेळा. तिने वहीत लाल बत्तीच्या उजेडात लिहिलं: २०२४ ऑक्टोबर २२.५७ जागतिक वेळ, प्रत ३.८, पद्धत सिजविक, ५ सेंटिमीटर बायनॉक्युलर, दहा पट वर्धन, कोमा १२ मिनिटं, घट्टपणा ५. खाली एक रिकामी ओळ सोडली आणि मला म्हणाली, "काका, तुमचं सांगा. पद्धत आधी."